स्वर कोणाचा? रॉक संगीतातील आरंभीचे सिंथेसायझर

आपल्या बहुतेक धर्मग्रामांत आज गायनमंडळापुढे कीबोर्ड असतो. एक कळ दाबली की व्हायोलिनांचा ताफा, दुसरी दाबली की बासरी, तिसरी दाबली की ढोलकीपासून ड्रमपर्यंत हवा तो ताल. तरुणांना त्याचे काही वाटत नाही. ज्येष्ठ मंडळी मात्र मिस्सा संपल्यावर हळूच विचारतात, ‘फादर, हे पोर वाजवते की ते यंत्रच वाजते?’ प्रश्नात थोडी थट्टा असते, थोडे दुःखही असते.

हा प्रश्न आपल्या अंगणात उशिरा आला. तो खरा ऐरणीवर आला तो १९६७ ते १९८२ या काळात, अमेरिका व इंग्लंडमधील रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रणगृहांत. त्या काळातील तबकड्या आजही घरोघरची तरुण मुले ऐकतात आणि आईवडील त्यांना आवाज कमी करायला सांगतात. आम्ही या दोन्ही पक्षांपैकी कोणाचीच वकिली करीत नाही. परंतु त्या तबकड्यांवर यंत्राने काय केले आणि माणसाने काय केले, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले, कारण कानाने बांधलेले अंदाज येथे वारंवार चुकलेले दिसतात.

सिंथेसायझर म्हणजे संश्लेषक, तुकडे जोडून नवे काही घडविणारा. हे यंत्र ज्याच्या नावाने प्रसिद्ध झाले त्या रॉबर्ट मोग यांचा जन्म १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. त्यांच्या आडनावाचा उच्चार ‘मोग’ असाच आहे. कोकणीत या शब्दाचा अर्थ प्रेम होतो, हा निव्वळ योगायोग. कुमारवयातच ते वडिलांच्या मदतीने थेरेमिन नावाचे विद्युतवाद्य बनवू लागले. थेरेमिनला वादकाचा स्पर्शसुद्धा होत नाही; हवेत हात हलवायचे आणि स्वर काढायचे. पुढे १९६४ च्या उन्हाळ्यात हर्बर्ट डॉइच हे संगीतकार मोग यांच्या ट्रुमन्सबर्ग येथील कार्यशाळेत आले, दोघांनी मिळून नव्या वाद्याचा पहिला नमुना तयार केला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ध्वनिअभियंत्यांच्या अधिवेशनात मोग यांनी आपले काम मांडले. कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला हे अशाच खटपटीत होते. त्यांना मात्र पियानोसारख्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या आपल्या यंत्राला नकोच होत्या.

मोग यांची मूळ कल्पना फार साधी होती. विजेचा दाब एक व्होल्टने वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर चढावा. एवढे एकदा साधले की दाब कमी-अधिक करून हवा तो स्वर मिळविता येतो. यंत्राचा एक भाग, ऑसिलेटर, कच्चा स्वर निर्माण करी. दुसरा भाग, फिल्टर, त्यातील नको असलेली कंपने गाळून त्याला उजळ किंवा मंद करी. तिसरा भाग त्या स्वराचा जन्म आणि मरण ठरवी. सतारीचा स्वर तार छेडताच उसळून उमटतो आणि विरत जातो. ऑर्गनचा स्वर बोट पट्टीवर असेपर्यंत टिकतो. हा फरक तिसऱ्या भागाने साधायचा. हे सगळे भाग एकमेकांना तारांनी जोडावे लागत. जुन्या काळच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर मंडळी भोकाभोकांतून दोऱ्या खोचताना ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे दृश्य सहज डोळ्यांपुढे येईल.

आता यातील अडचणी पाहा. तारा काढल्या की तो आवाज गेला. पुन्हा हवा असेल तर जोडणी कागदावर उतरवून ठेवायची, आणि तरीही तो तंतोतंत सापडेलच असे नाही. यंत्र तापले की सूर हलत. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हे यंत्र एका वेळी एकच स्वर काढू शके. आपल्या बासरीचे किंवा सनईचे यावाचून काही अडत नाही, कारण आपले रागसंगीत एका सुराच्या मागोमाग चालते. पण पाश्चात्य संगीत उभे आहे ते तीन-चार स्वरांच्या एकत्र मेळावर. तेव्हा ‘कळ दाबली की वाद्यवृंद’ ही आजची स्थिती आरंभीच्या सिंथेसायझरला मुळीच लागू नव्हती.

याचा उत्तम दाखला १९६८ सालचा आहे. वेंडी कार्लोस यांनी योहान सेबास्टियन बाख यांच्या रचना मोग सिंथेसायझरवर वाजवून ‘स्विच्ड-ऑन बाख’ नावाची तबकडी काढली. ती रॉक संगीताची नव्हे, परंतु रॉक संगीतकारांचे कान तिनेच टवकारले. लोकांना वाटले, यंत्रात बाख घातला आणि यंत्राने तो वाजवला. प्रत्यक्षात बाखच्या रचनेतील प्रत्येक स्वरओळ स्वतंत्रपणे वाजवून, आठ पट्ट्यांच्या ध्वनिफितीवर एकीवर एक चढवून, मध्येच सूर उतरला की पुन्हा जुळवून, हे काम महिनोन् महिने चालले होते. एखाद्या चतुरस्र ऑर्गनवादकाला ती रचना एका बैठकीत वाजविता आली असती. म्हणजे यंत्राने श्रम वाचविले नाहीत, वाढविले! १९७० साली या तबकडीला तीन ग्रॅमी पारितोषिके मिळाली आणि ती लाखोंनी खपली.

रॉक संगीतात या यंत्राने त्याआधीच, १९६७ साली, पाऊल टाकले होते. त्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे मोठा संगीतमहोत्सव झाला. पॉल बीव्हर आणि बर्नी क्राऊस या दोघांनी तेथे मोगच्या यंत्राचे एक दालन मांडले आणि जमलेल्या वादकांना ते ऐकविले. त्याच वर्षी ‘द डोअर्स’ यांच्या ‘स्ट्रेंज डेज’ या अल्बमसाठी बीव्हर यांनी यंत्राची जुळणी केली. ‘द मंकीज’ यांच्याही एका अल्बममध्ये ते उमटले. यंत्र दुर्मीळ होते, ते कसे चालते हे जाणणारी माणसे त्याहून दुर्मीळ. म्हणून बीव्हर आणि क्राऊस या नावांना त्या दिवसांत मोठे मोल होते, जरी तबकडीच्या वेष्टनावर ती फार बारीक अक्षरांत येत. जाता जाता नमूद करावेसे वाटते की १९६९ सालीच असे एक मोग यंत्र आपल्या देशातही आले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने ते उभारून दिले.

क्राऊस यांचे नाव पुसट अक्षरांत आले एवढ्यावर भागले नाही. १९६८ च्या अखेरीस बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांना लॉस एंजेलिसमध्ये क्राऊस यांनी हे यंत्र वाजवून दाखविले. हॅरिसन यांनी स्वतःसाठी एक यंत्र घेतले आणि मे १९६९ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक साउंड’ ही तबकडी स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली. तिची एक संपूर्ण बाजू म्हणजे आपण दिलेले प्रात्यक्षिकच होय आणि ते आपल्या संमतीवाचून छापले गेले, अशी तक्रार क्राऊस यांनी पुढे जाहीरपणे केली. नवे यंत्र, नवा आवाज. पण ‘हा स्वर कोणाचा?’ हा वाद मात्र असा अगदी पहिल्याच वर्षी उभा राहिला, आणि तो माणूस विरुद्ध यंत्र असा नव्हता, माणूस विरुद्ध माणूस असाच होता.

हॅरिसन यांचे तेच यंत्र ऑगस्ट १९६९ मध्ये लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात आणले गेले. ‘मॅनफ्रेड मॅन’ या वाद्यमेळातील माइक व्हिकर्स यांनी ते लावायला मदत केली. ‘ॲबी रोड’ हा अल्बम त्याच वर्षी सप्टेंबरात आला. त्यातील चार गाण्यांत मोगचा आवाज आहे, आणि आमच्या मते त्याचे मोठेपण त्याच्या संयमात आहे. ‘हिअर कम्स द सन’मध्ये तो गिटारच्या मागून उजाडल्यासारखा हळूच येतो. ‘मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर’मध्ये पॉल मॅकार्टनी यांनी पट्ट्यांऐवजी एका लांब फितीवर बोट सरकवून स्वर काढले आहेत, आपल्याकडची मींड ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यात नवल वाटणार नाही. ‘आय वॉन्ट यू’ या दीर्घ गीताच्या अखेरीस मात्र यंत्रातून वाऱ्याचा घोंगावणारा आवाज वाढत जातो, गाण्याला गिळू लागतो, आणि अकस्मात सारेच थांबते, कारण त्या ठिकाणी ध्वनिफीत सरळ कापलेली आहे.

याच व्हिकर्स यांच्याकडून कीथ एमर्सन यांनी मोग यंत्र उसने घेतले. त्यांनी ‘स्विच्ड-ऑन बाख’ एका तबकड्यांच्या दुकानात ऐकली होती आणि हे काय आहे म्हणून ते यंत्राच्या मागे लागले होते. १९७० साली ‘एमर्सन, लेक अँड पामर’ यांच्या पहिल्या अल्बममधील ‘लकी मॅन’ या गीताच्या शेवटी त्यांनी मोगवर जे स्वर छेडले ते केवळ चाचणी म्हणून. फीत चालू होती. तेच कायम झाले. पुढे एमर्सन ते कपाटाएवढे यंत्र रंगमंचावर घेऊन फिरू लागले. दिव्यांच्या उष्णतेने सूर ढळत असता तारांच्या त्या जंजाळापुढे रोज रात्री उभे राहायचे, याला धैर्य लागते. ‘मिनीमोग’ हे टेबलावर मावणारे यंत्र आल्यावर ही यातायात कमी झाली.

इंग्लंडमध्ये तोवर स्वतःचे यंत्र तयार होऊ लागले होते, आणि त्यामागची कथा थोडी राजेशाही आहे. लंडनच्या पटनी भागात पीटर झिनोव्हिएफ हे गृहस्थ विद्युत-संगीताची खासगी कार्यशाळा चालवीत. त्यांना संगीतासाठी संगणक हवा होता, तोही १९६० च्या दशकात, घरात! त्यासाठी पत्नीचा लग्नातला रत्नजडित मुकुट विकावा लागला. या खर्चिक छंदाला आधार म्हणून डेव्हिड कॉकरेल आणि ट्रिस्ट्रम केरी यांच्यासह त्यांनी १९६९ साली ‘व्हीसीएस थ्री’ नावाचे छोटे सिंथेसायझर विक्रीस काढले. किंमत सुमारे ३३० पौंड. यात तारांऐवजी एका चौकटीतील भोकांत टाचण्या खोचून जोडण्या करायच्या. सुरांत ते मोगपेक्षाही लहरी होते, पण स्वस्त होते, आणि तरुण ब्रिटिश वादकांच्या हाती पडले ते हेच.

त्यांपैकी एक ‘द हू’ या वाद्यमेळाचे पीट टाउनसेंड. येथे आमची कथा अनपेक्षितपणे महाराष्ट्रात शिरते. टाउनसेंड हे मेहेरबाबांचे अनुयायी होते. मेरवान शेरियार इराणी, म्हणजेच मेहेरबाबा, यांचा जन्म १८९४ साली पुण्यात एका पारशी-इराणी कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण झाले ते जेझुइट फादरांच्या सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि पुढचे डेक्कन कॉलेजात. १० जुलै १९२५ पासून त्यांनी जे मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देहावसान होईपर्यंत सोडले नाही. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगराजवळ मेहेराबाद येथे त्यांची समाधी आहे. त्यांच्या शिकवणीची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु चव्वेचाळीस वर्षे एक शब्दही न उच्चारलेल्या पुण्याच्या माणसाचे नाव, जगातील सर्वांत कर्णकर्कश म्हणून गाजलेल्या वाद्यमेळाच्या तबकडीवर यावे, यातील गंमत कोणालाही भावेल.

ती तबकडी म्हणजे ऑगस्ट १९७१ मध्ये निघालेली ‘हूज नेक्स्ट’, आणि ते गीत ‘बाबा ओ’रायली’. नावातील ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा. ‘रायली’ म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली, जे छोट्या स्वराकृती पुन्हा पुन्हा आणून संगीत रचीत आणि ज्यांनी १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्यत्व पत्करले होते. टाउनसेंड यांची मूळ कल्पना फार मोठी होती. ‘लाइफहाउस’ नावाच्या त्यांच्या नियोजित कलाकृतीत माणसाची माहिती, त्याचे शरीर, त्याचा स्वभाव, यंत्रात भरायची आणि त्या व्यक्तीचे स्वतःचे असे संगीत यंत्राने निर्माण करायचे होते. मेहेरबाबांचे व्यक्तिमत्त्व असे स्वरांत उतरले तर कसे ऐकू येईल, असे त्यांच्या मनात होते. प्रत्येक मनुष्याच्या आत त्याचा एकमेव स्वर आहे, ही श्रद्धा. आणि तो काढून दाखवील यंत्र, ही भाबडी आशा. ‘लाइफहाउस’ पूर्ण झाले नाही. हा सारा व्याप सहकाऱ्यांना समजावून सांगताना टाउनसेंड स्वतः खचले. उरली ती गाणी ‘हूज नेक्स्ट’मध्ये आली.

आणि आता खरी मेख. ‘बाबा ओ’रायली’च्या आरंभी जो चमचमणारा, अखंड पळणारा स्वरप्रवाह ऐकू येतो तो रॉकमधील सिंथेसायझरचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणून लोक सांगतात. तो सिंथेसायझर नाहीच! तो आहे लॉरे कंपनीचा घरगुती ऑर्गन, मध्यमवर्गीय दिवाणखान्यात ठेवतात तसला. त्यात ‘मरिंबा रिपीट’ नावाची एक सोय होती. पट्टी दाबून धरली की स्वर थडथड पुन्हा पुन्हा उमटत. टाउनसेंड यांनी घरच्या स्टुडिओत हाताने ते वाजवले, फीत कापून सांधली, आणि जगाला ते भविष्यकाळाचे यंत्र वाटले. त्याच अल्बमच्या शेवटच्या ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ या गीतात सिंथेसायझर आहे, पण तेथेही स्वर मूळचा त्याच ऑर्गनचा. तो ‘व्हीसीएस थ्री’च्या फिल्टरमधून नेऊन कापलेला, धडधडता केलेला आहे. गवयाच्या गळ्यापुढे हात धरून उघड-झाप करावी तसे यंत्राने केले.

याची किंमत मात्र एका माणसाने मोजली. कीथ मून हे या मेळाचे ड्रमवादक. मनस्वी आणि बेभान. त्यांच्या मागे बाकीच्यांनी धावायचे, अशी रीत. ही दोन गाणी रंगमंचावर सादर करायची तर ऑर्गनची फीत मागे चालवावी लागे आणि फीत कोणासाठी थांबत नाही. मग मून यांना कानांवर हेडफोन चढवून त्या फितीबरोबर ताल धरावा लागे. चाळीस-पन्नास हजारांच्या जमावापुढे बसलेला तो दांडगा माणूस कानांत एका ध्वनिफितीचे ऐकून वाजवीत आहे, हे चित्र आम्हांस फार बोलके वाटते. मून १९७८ साली गेले. त्यांच्या जागी जे आले त्यांनाही ती दोन गाणी अशीच, आधी ठरलेल्या प्रवाहाबरोबर वाजवावी लागली.

‘पिंक फ्लॉइड’ यांच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या मार्च १९७३ मधील अल्बमविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही एकाच तुकड्यावर थांबतो. ‘ऑन द रन’ हा भाग आधी गिटारवर वाजविला जाई. मग झिनोव्हिएफ यांच्या कंपनीचे ‘सिंथी एकेएस’ हे पेटीत मावणारे नवे यंत्र आले. त्यात वाजवलेले स्वर लक्षात ठेवून परत वाजविण्याची सोय होती. आठ स्वर सावकाश भरले, मग त्यांची गती इतकी वाढविली की ते धावू लागले. त्यावर पळणारी पावले, विमानतळावरची घोषणा. येथे यंत्र खरोखरच स्वतः वाजते. विमानप्रवासाच्या धास्तीविषयीच्या या भागात ते शोभून दिसते, कारण माणसाचा हात सुटलेला आहे हेच तेथे ऐकवायचे आहे.

याच्या अगदी उलट टोकाला ‘क्वीन’ हा वाद्यमेळ. त्यांचे गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचे फारुख बलसारा, जन्माने झांझिबारचे पारशी, आणि शाळेला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. पियानोचे धडे आणि पहिला वाद्यमेळ तेथलाच. क्वीनच्या १९७३ सालच्या पहिल्या तबकडीवरच कोणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही अशी नोंद होती, आणि १९७५ च्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’वर तशी पुन्हा ठासून केली. हा केवळ गर्व नव्हता. ब्रायन मे हे आपल्या गिटारचे सूर थरांवर थर चढवून असे उभे करीत की श्रोत्यांना ते यंत्राचे वाटत. ती गिटार त्यांनी वडिलांसह घरीच बनविली होती. तिच्या दांड्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले होते. रात्ररात्र जागून केलेल्या कामाचे श्रेय यंत्राला जावे, हे त्यांना कसे सोसावे? आणि मग १९८० च्या ‘द गेम’ या अल्बमवर त्याच मेळाने कळविले की यात सिंथेसायझर प्रथमच वापरला आहे. तोवर एकाच वेळी अनेक स्वर काढणारी आणि जुळविलेले आवाज स्मरणात साठविणारी यंत्रे बाजारात आली होती. टाचण्या आणि तारा इतिहासजमा होत होत्या.

वाद्यांविषयीचा असा संशय नवा नाही. ज्या ऑर्गनला आपण पवित्र मानतो तो ख्रिस्तमंदिरात येण्यापूर्वी रोमन लोकांच्या आखाड्यांत झुंजींच्या वेळी वाजत असे. आपल्या हार्मोनियमला १९४० साली ऑल इंडिया रेडिओने दार बंद केले आणि ते उघडायला तीस वर्षे लागली. परंतु सिंथेसायझरच्या बाबतीत संशयामागे पोटाचा प्रश्नही होता, आणि तो लपवून चालणार नाही. आरंभीच्या यंत्राने कोणाची भाकर हिरावली नव्हती. एका स्वरासाठी तासन् तास खपणारा माणूस त्याला लागे. पुढच्या यंत्रांना तो लागेना. व्हायोलिनवादकांची पूर्ण तुकडी बोलावण्याऐवजी एक वादक आणि एक कीबोर्ड पुरू लागला. १९८२ साली ब्रिटनमधील संगीतकारांच्या संघटनेच्या लंडनमधील शाखेत सिंथेसायझरवर बंदी घालावी असा ठराव आला. वर्तमानपत्रांनी त्याची थट्टा केली. संघटनेने तो धोरण म्हणून स्वीकारला नाही. पुढच्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांना जोडण्याची सामाईक पद्धत निघाली आणि एका कीबोर्डवर बसलेला एकच माणूस चार-पाच यंत्रे एकदम चालवू लागला. ठराव मांडणाऱ्यांमध्ये बहुतेक ध्वनिमुद्रणगृहांत रोजावर वाजविणारे वादक होते. त्यांची नावे त्या प्रसिद्ध तबकड्यांच्या वेष्टनांवर बहुधा छापलेलीही नसत.